परदेशात फॅमिलीसोबत फिरताना स्केचिंग करायचंय? मग या चुका टाळा

ट्रिप ठरली की पहिली धाव पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानांत, आणि मग मोठा कलर सेट, जाड स्केचबुक, फोल्डिंग ईझल सगळंच घरी येतं. प्लीज नका करू असं. घरच्यांसोबत असताना एका जागी मिळून मिळून पंधरा-वीस मिनिटं मिळतात, तीही सासूबाई बाकावर टेकल्या किंवा मुलं आइस्क्रीमच्या लायनीत असली तर. ए५ स्केचबुक, वॉटरकलरचे १२ हाफ पॅन (म्हणजे सुक्या रंगाच्या छोट्या वड्या), एक वॉटरब्रश (दांड्यातच पाणी भरायचा ब्रश), एक पेन आणि टिश्यू, बास.

कागदात मात्र काटकसर नको, ३०० जीएसएमचा, म्हणजे जाड घ्या, पातळ कागद पाणी लागलं की फुगतो. पेन वॉटरप्रूफ शाईचंच हवं, घरातल्या जेल पेनच्या रेघांवर ओला ब्रश फिरला की शाई पसरते आणि अख्खं आकाश मळकट होतं. निघायच्या आधी रेघ मारून, सुकू देऊन, वरून पाणी फिरवून बघा.

फाउंटन पेन विमानात गळतं याचं कारण साधं आहे, अर्धवट भरलेल्या पेनातली हवा केबिनचं प्रेशर कमी झालं की फुगते आणि शाईला बाहेर ढकलते, म्हणून पेन पूर्ण भरा नाहीतर पूर्ण रिकामं करा, आणि निब वर ठेवा. वॉटरब्रश रिकामाच न्या. ऑइल कलर पातळ करायचं टर्पेन्टाइन कुठल्याच बॅगेत चालत नाही, कटर चेक-इनमध्ये टाका.

सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात ती न सुकल्यामुळे. आपल्याला एप्रिलमधल्या पुण्याची सवय, वॉश, म्हणजे पाणी घालून लावलेला रंगाचा पातळ थर, बघता बघता सुकतो. युरोपातल्या थंड, ढगाळ सकाळी तोच वॉश ओलाच राहतो, आपण घाईत त्यावर दुसरा रंग लावतो आणि कडा फुटलेले डाग पडतात, वर कुणीतरी "चला" म्हटलं की वही मिटतो आणि पानं चिकटतात. पाणी कमी घ्या, क्लिप लावून वही उघडीच धरा, उरलेले रंग रात्री हॉटेलवर भरा. रंगपेटीही रात्री उघडी ठेवा, ओली बंद केली तर बुरशी येते.

दिवसा साइटसीइंगमधून वेळ चोरायला जाऊ नका, त्यावरूनच घरात वाजतं. जूनमध्ये पॅरिसला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे लवकर जेवून सगळे निवांत बसले तरी छान तिरपा उजेड असतो. म्यूझियममध्ये रंग सहसा चालत नाहीत, पेन्सिल बऱ्याच ठिकाणी चालते, नियम आधी बघा.

आणि सराव इथेच करा ना! १८८६ ची आपली पुण्याची मंडई गॉथिक वळणाचीच आहे, तो अष्टकोनी टॉवर आणि उतरती छपरं जमली की तिकडच्या इमारतींची धास्ती बरीच कमी होते. रविवारी भाजीला जाताना घरच्यांनाही न्या आणि वीस मिनिटांचा टायमर लावा, कोण कितव्या मिनिटाला कंटाळतं ते तिथेच कळेल.