गोल्डफिशवर पांढरे ठिपके आले तर काय करायचं

शेपटीवर आणि कल्ल्यांवर रवा चिकटल्यासारखे बारीक, सुटे, एकसारखे पांढरे ठिपके. मासा मधूनच दगडावर किंवा फिल्टरच्या नळीवर अंग घासून जातो, पर मिटून कोपऱ्यात बसतो, खाणं कमी करतो. हा ‘इक’, म्हणजे व्हाइट स्पॉट. घरगुती टाकीत सगळ्यात जास्त दिसणारा रोग हाच. वेळेत धरला तर बरा होतो, पण अर्धवट उपचार झाले की पंधरवड्यात दुप्पट होऊन परत येतो.

औषधाआधी दोन खात्र्या करून घ्या. पहिली पाण्याची. मासा वर येऊन तोंड उघडझाप करत असेल आणि अंगावर काहीच नसेल, तर बहुतेक वेळा दोष अमोनियाचा असतो. थेंबांच्या टेस्ट किटने अमोनिया आणि नायट्राइट तपासा; दोन्ही शून्य हवेत. नसतील तर आधी 30-40 टक्के पाणी बदला. अमोनियाने आधीच जळलेल्या कल्ल्यांना वरून औषधाचा मारा झाला, तर मासा रोगाआधी उपचारानेच जातो.

दुसरी खात्री ठिपक्यांची. ते फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला ओळीने असतील आणि मासा मजेत खात-फिरत असेल, तर तो माजावर आलेला नर आहे. काही करायचं नाही. अंगावर सोनेरी-पिवळसर धुरळा दिसत असेल (टॉर्च तिरपा धरला की उठून दिसतो) तर तो वेल्व्हेट, हा दुसऱ्याच परजीवीचा रोग. तोंडाभोवती किंवा पाठीवर राखाडी-पांढरा चट्टा पसरत असेल तर बहुधा कॉलमनॅरिस, म्हणजे जिवाणू. हा फरक महत्त्वाचा, कारण खाली सांगितलेली उष्णता कॉलमनॅरिसला फावते आणि मासा एक-दोन दिवसांत जातो.

ठिपका म्हणजे कातडीखाली बसून माशावर पोसणारा परजीवी. तिथे त्याला कुठलंच औषध पोचत नाही. पोट भरलं की तो सुटून तळाच्या रेतीत पडतो, भोवती कवच करतो आणि आत विभागून शेकडो पिल्लं तयार होतात. कवचातही औषध शिरत नाही. पिल्लं बाहेर पडून मासा शोधत पोहत असतात, साधारण दोन दिवस, औषधाने ती मरतात ती फक्त तेवढ्यातच. म्हणजे ठिपके गेले याचा अर्थ रोग गेला असा नाही. ते तळाशी गेले एवढंच. हे चक्र 24-26 अंशांना 3 ते 6 दिवसांत पुरं होतं, 10 अंशांना महिन्याच्याही वर जातं. नाशिक-पुण्याच्या थंडीत हीटर न लावता केलेला पाच दिवसांचा उपचार का फसतो, ते इथे कळतं.

आता मोजमाप. टाकीची लांबी, रुंदी आणि रेतीच्या वरची पाण्याची उंची सेंटीमीटरमध्ये मोजा, गुणाकाराला 1000 ने भागा. दोन फुटी टाकीत 60 × 30 × 25, म्हणजे 45 लिटर. दुकानदार ‘पन्नास-साठ लिटरची’ म्हणून देतो त्यावर डोस काढू नका.

गोल्डफिश, मॉली, गप्पी असतील तर सुरुवात मिठाने करा: लिटरला 2 ग्रॅम, म्हणजे 45 लिटरला 90 ग्रॅम. खडेमीठ चालतं, पुड्यातलं आयोडीनचंही चालतं. काट्यावर तोला, चमच्याचा भरवसा नाही. 30 ग्रॅमचे तीन भाग करून, दर 12 तासांनी एक भाग मगभर टाकीच्याच पाण्यात पुरता विरघळवून फिल्टरच्या धारेपाशी ओता. खडे तसेच टाकले तर तळाशी बसलेल्या माशाचं अंग भाजतं. कोरीडोरस, लोच, टेट्रा असतील तर लिटरला 1 ग्रॅमच्या वर जाऊ नका. गोगलगायी आणि नाजूक वनस्पती आधी दुसरीकडे हलवा.

बरोबर तापमान वाढवा. हीटर साधारण लिटरला एक वॅट, 45 लिटरला 50 वॅटचा पुरतो. दिवसाला दोन अंशांच्या वर चढवू नका. उष्ण कटिबंधातल्या माशांना 30 अंश सोसतात; गोल्डफिशला 27-28 पुरे. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. वीज सारखी जात असेल तर बॅटरीवरचा पंप जवळ असू द्या.

रोज, निदान दिवसाआड, सायफनची नळी रेतीत खुपसून 25 टक्के पाणी काढा. सगळ्यात जास्त आळस इथेच होतो आणि सगळ्यात जास्त फायदाही इथेच, कारण कवचातले परजीवी तळाशी असतात. नवं पाणी अँटीक्लोरीन घातलेलं आणि टाकीच्याच तापमानाचं हवं. बारा लिटर बदललं तर मीठ 24 ग्रॅमच घालायचं. बाष्पीभवनाने कमी झालेलं पाणी मात्र साध्या पाण्याने भरा. मीठ उडून जात नाही. शेवटचा ठिपका गेल्यावर आणखी 7 ते 10 दिवस हे सगळं चालू ठेवा. खाणं निम्म्यावर आणा.

चार-पाच दिवसांत ठिपके वाढतच असतील किंवा माशाचा श्वास फार जलद असेल, तर मॅलाकाइट ग्रीन-फॉर्मलिनचं तयार औषध घ्या. कल्ल्यांत रोग शिरला की अंगावर ठिपके थोडेच असूनही मासा धापा टाकतो, तेव्हा थांबून बघत बसू नका. बाटलीवरचा डोस मोजलेल्या लिटरवर काढा, कोरीडोरस-लोचना निम्मा. फिल्टरमधला कार्बन काढा, नाहीतर तोच औषध शोषून घेतो. दिवा बंद ठेवा, उजेडात मॅलाकाइट ग्रीनचा जोर कमी होतो. उष्णता आणि फॉर्मलिन एकत्र नको, दोन्ही प्राणवायूच्या मुळावर येतात. तापमान 26 पर्यंत उतरवूनच औषध घाला. बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ते औषध वापरू नका, तो माशांना विषारी असतो. हातमोजे घाला. आणि खायच्या माशांच्या तळ्यात हे औषध कधीच नाही.

घरातली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकायचा सल्ला हमखास मिळतो. परजीवीवर तिचा काही परिणाम होत नाही, उलट फिल्टरमधले कामाचे जिवाणू मरून अमोनिया चढतो. मिथिलीन ब्लू हे निळं औषधही मुख्य टाकीत नको, याच कारणासाठी. शिवाय सिलिकॉनचे सांधे कायमचे निळे होतात.

रोग बहुतेक वेळा नव्या माशाबरोबरच येतो. नवा मासा तीन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, त्याची जाळी आणि बादली वेगळी. दुकानातल्या पिशवीचं पाणी टाकीत ओतू नका. जाळी वापरून झाल्यावर कडक वाळवली की परजीवी मरतो. दुकानातल्या माशांच्या टाकीतून आलेली रोपं मासे नसलेल्या बादलीत आठवडाभर ठेवा, थंडीत दोन ते तीन आठवडे.