वर्गाच्या सहलीत संघभावनेचे खेळ घेताय? या चुका टाळा

मोकळ्या मैदानावर दोर, फळ्या आणि डोळ्यांना बांधायच्या पट्ट्या आणून ठेवल्या की वर्ग आपोआप एक होतो, हा समज आधी डोक्यातून काढून टाकायला हवा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांमध्ये कंपू आधीच ठरलेले असतात. खेळ नीट घेतला नाही तर ते आणखी पक्के होतात. ज्याला वर्गात कुणी विचारत नाही, त्याला मैदानावरही कुणी विचारत नाही, आणि तेही सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

"तुमचे तुम्ही गट करा"

सहलीचं सगळ्यात मोठं नुकसान या एका वाक्याने होतं. अर्ध्या मिनिटात जिवलग मित्रमैत्रिणी एकमेकांना पकडतात आणि दोन-तीन मुलं मधोमध उभी राहतात. मग बाई म्हणतात, "अरे, हिला घ्या ना कुणीतरी." त्या मुलीच्या दृष्टीने सहल तिथेच संपलेली असते.

गट शिक्षकांनी आदल्या दिवशीच करून ठेवावेत. प्रत्येकाला गटात किमान एक ओळखीचा, बरा वाटणारा चेहरा मिळेल एवढं बघा. ज्या दोघांचं हाडवैर आहे त्यांना "जुळेल आपोआप" म्हणून एकत्र कोंबू नका. गट आठ ते बारा जणांचा पुरे. फ्रेंच कृषी अभियंता रिंगेलमान यांनी 1913 मध्ये रस्सी ओढण्याच्या प्रयोगांचे निष्कर्ष छापले होते. ओढणारे हात वाढत गेले तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला. वीस जणांच्या गटात हेच होतं, निम्मे ओढतात आणि निम्मे बघ्याच्या भूमिकेत जातात.

पहिल्याच सकाळी पाठीवर पडायला लावणं

डोळे मिटून मागे पडायचं आणि बाकीच्यांनी झेलायचं, हा खेळ मोठ्यांना फार आवडतो. पण ज्यांनी काल आपल्याला चिडवलं त्यांच्या हातांवर कुणी अंग का टाकावं? आधी हलकेफुलके खेळ, मग जमिनीवरची कोडी, मग कमी उंचीचे दोर, आणि विश्वासाचे किंवा उंचीचे खेळ सगळ्यात शेवटी, असा क्रम ठेवा. झेलायचा खेळ घेणार असाल तर प्रशिक्षक हजर हवाच. झेलणाऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर हव्यात, हात आलटूनपालटून पुढे आणि तळवे वर. एकमेकांचे हात पकडायचे नाहीत. पडणाऱ्याने हात छातीवर घट्ट बांधायचे, नाहीतर कोपर कुणाच्या तरी तोंडावर बसतं. घड्याळं, चष्मे आधी काढून ठेवायचे. "तयार?" "तयार!" अशी हाक-साद झाल्याशिवाय कुणीही पडायचं नाही.

रस्सीखेच असेल तर एकच गोष्ट दहा वेळा सांगा: रस्सी हाताला गुंडाळायची नाही. जोराचा हिसका बसला तर बोटांना कायमची इजा होऊ शकते.

"घाबरतोस काय, जा की वर!"

सगळा वर्ग खाली उभा राहून नावाचा गजर करतो, त्याला आपण प्रोत्साहन म्हणतो. वर शिडीला चिकटलेल्या मुलासाठी तो निव्वळ दबाव असतो. किती वर जायचं हे मुलानेच आधी ठरवावं. तिसरी पायरी ठरवली आणि गाठली, तर त्याचं काम झालं. नकाराची सोय नसेल तर होकाराला काहीच किंमत राहत नाही, म्हणून याबाबत मी जराही तडजोड करणार नाही.

कुणी वर जाऊन थिजलंच तर बाकी सगळ्यांना गप्प करा. फक्त प्रशिक्षक बोलेल, तेही छोट्या वाक्यांत: श्वास सोड, उजवा हात या दोरावर, आता डावा पाय. खाली यायचा पर्याय लगेच सांगा. आणि वर पाठवण्याआधी दर वेळी, दर मुलाची हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा सुरक्षा पट्टा) तपासली जातेय ना, हे शिक्षकांनी स्वतः उभं राहून बघावं. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडाच्या वर घट्ट बसायला हवा, कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं) कुलूप बंद हवं, मोकळे केस बांधलेले हवेत.

गट अडला की मोठ्यांनी धावून जाणं

"सर, ही फळी इकडे ठेवायची का?" यावर उत्तर एकच: "गटाला विचार." पाच मिनिटं नुसतं उभं राहणं शिक्षकांना जड जातं, पण मुलं याच पाच मिनिटांत शिकतात. वादावादी झाली म्हणजे खेळ फसला असंही नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी 1965 मध्ये गट घडण्याचे टप्पे मांडले, त्यात जमणं झाल्यावर लगेच खटके उडण्याचा टप्पाच आहे. शाब्दिक वाद होऊ द्या. कुणी अंगावर गेलं किंवा कुणाचं शरीर, रूप, घर काढलं, तर मात्र खेळ त्याच क्षणी थांबवा.

एकच मुलगा सगळ्यांना कामाला जुंपतोय? पुढच्या फेरीत नियम बदला: आतापर्यंत जास्त बोललेल्या तिघांनी दहा मिनिटं मुकं राहायचं. ती शिक्षा वाटू देऊ नका, खेळ अवघड करायची नवी अट म्हणून सांगा. गप्प मुलीला "तूपण बोल ना" म्हणून काही होत नाही. नकाशा फक्त तिलाच दाखवा, म्हणजे गटाला तिला विचारावंच लागेल.

गोलात उभं राहून वेगवेगळ्या जणांचे हात धरायचे आणि ते न सोडता गुंता सोडवायचा, त्या हातांची गाठ सोडवायच्या खेळात तर कधीकधी गाठ खरंच सुटत नाही, किंवा दोन वेगळी वर्तुळं निघतात. अशा वेळी मुलांना रडकुंडीला आणू नका, एक हात सोडून पुन्हा धरायची मुभा द्या.

खेळ संपला, चला बसमध्ये

वेळ कमी पडला की गोल बसून बोलण्याला पहिली कात्री लागते. त्यापेक्षा एक खेळ कमी करा. आणि "मजा आली ना?" असं विचारू नका, सगळे "हो" म्हणून ओरडतील आणि विषय संपेल. "सुरुवातीला कुणाची सूचना आपल्याला ऐकूच आली नाही?" असं विचारा. थोडा वेळ शांतता पसरेल, ती पसरू द्या.

बाकी तयारीचं थोडक्यात: इनहेलर आणि ॲलर्जीचं औषध बसमध्ये नको, गटाबरोबरच्या पिशवीत हवं. कोरे करकरीत बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, हमखास फोड येतात. पाण्याची सुट्टी तहान लागण्याआधी द्या. गडगडाट ऐकू आला की दोरांवरून सगळ्यांना उतरवून पक्क्या इमारतीत किंवा बसमध्ये न्या, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडू नका.

परतल्यावर पहिल्याच आठवड्यात याच गटांना वर्गात एखादं खरं काम द्या, प्रकल्प असो की भित्तिपत्रक. नाहीतर दोन दिवसांत बाकांवर जुने कंपू पुन्हा बसलेले दिसतील.