थायलंडची बिनआखणीची सहल : दोघांनी काय पक्के करावे आणि काय मोकळे सोडावे

थायलंडचा विषय निघाला की नाशिकमधल्या जोडप्यापुढे पहिला पर्याय येतो तो पाच-सहा दिवसांच्या पॅकेजचा : बँकॉक, पट्टाया, सकाळी साडेसातला बस, रात्री भारतीय जेवण. त्याऐवजी दोघांनीच, आवडेल तिथे राहू आणि कंटाळा आला की पुढे निघू अशा बेताने जायचे असेल, तर हा देश त्यासाठी फार सोयीचा आहे. बस, रेल्वे, बोटी आणि स्वस्त विमाने यांचे जाळे दाट आहे आणि गर्दीचे दिवस सोडले तर खोली आदल्या संध्याकाळीही मिळते. मात्र सहल मोकळी ठेवणे म्हणजे काहीच न ठरवणे नव्हे. कोणत्या समुद्राकडे जायचे, कोणत्या शहरात उतरायचे व कोठून परतायचे, पहिल्या दोन रात्री कोठे काढायच्या आणि शेवटची रात्र कोठे, एवढे घरूनच पक्के करून निघावे. बाकी सगळे वाटेत ठरवता येते.

समुद्र निवडताना नकाशाच्या आधी कॅलेंडर पाहावे. पश्चिमेकडे अंदमानचा समुद्र आहे आणि फुकेत, क्राबी, फी फी, को लांता ही ठिकाणे त्याच्या काठावर आहेत. पूर्वेकडे थायलंडचे आखात असून त्यात को सामुई, को फांगन आणि को ताओ ही बेटे आहेत. अंदमानच्या बाजूला साधारण मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस असतो आणि समुद्र खवळलेला असतो. सिमिलन बेटे तर मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतात. आखातातल्या त्या तीन बेटांवर मात्र खरा जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात पडतो आणि नोव्हेंबर त्यातला सर्वांत ओला महिना असतो. म्हणून मुलांच्या शाळा-कॉलेजांच्या वेळापत्रकामुळे किंवा कंपनीच्या रजेमुळे ज्यांना मे महिन्यातच निघता येते, त्यांनी आखाताकडे तोंड करावे, आणि दिवाळी उरकून नोव्हेंबरच्या मध्यानंतर जाणाऱ्यांनी अंदमानकडे. दिवाळी ऑक्टोबरात आली आणि त्याच सुट्टीत जायचे असेल, तर दोन्ही किनारे भरवशाचे नसतात; अशा वेळी शहरांना जास्त दिवस द्यावेत आणि समुद्राला उरलेले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हवा सुरेख असली, तरी बिनआखणीच्या सहलीला हा काळ मुळीच योग्य नाही, कारण खोल्यांचे दर चढलेले असतात आणि चांगल्या खोल्या आधीच गेलेल्या असतात. एप्रिलमध्ये 13 ते 15 तारखांना सोंगक्रान, म्हणजे थायी नववर्ष असते आणि सगळा देश गावी निघालेला असतो, तेव्हा त्या दिवसांत लांबच्या प्रवासावर राहू नये. उत्तरेकडच्या चियांग माई शहराचा विचार असेल, तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिल तेथे शेते व जंगले जाळल्याचा धूर साचतो हेही लक्षात घ्यावे.

यात एक सुखद योगायोग आहे. आपण गोदाघाटावर त्रिपुरी पौर्णिमेला दिवे सोडतो, साधारण त्याच पौर्णिमेला थायलंडमध्ये लोय क्राथोंग असतो आणि केळीच्या खोडाच्या चकतीवर फुले, उदबत्ती व मेणबत्ती लावून ती नदीत सोडली जाते. तारखा जुळत असतील, तर ती रात्र चियांग माईत किंवा नदीकाठच्या एखाद्या गावात काढावी. त्यापुरती मात्र खोली आधी घ्यावी.

विमानाचे तिकीट काढताना एकाच शहरात उतरून तेथूनच परतण्याचा हट्ट सोडावा. मुंबईहून बँकॉक सुमारे सव्वाचार ते साडेचार तासांचे आहे आणि मुंबई-फुकेत थेट विमानेही आहेत. बँकॉकला उतरून दक्षिणेकडे सरकत जायचे आणि फुकेतहून परतायचे, अशी जोडणी केली की आलेल्या वाटेने मागे फिरण्यात एक पूर्ण दिवस जात नाही. आखातात जाणाऱ्यांनी सामुईच्या विमानतळाचे भाडे मुख्य भूमीवरच्या सुरत थानीच्या भाड्याशी ताडून पाहावे. सामुईचा विमानतळ एका विमान कंपनीच्याच मालकीचा असल्याने तेथे भाडे सहसा चढे असते, तर सुरत थानीला उतरून बस व बोटीने जाणे बरेच स्वस्त पडते. नाशिकहून मुंबईचा विमानतळ गाठताना समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाल्यापासून कसाऱ्याचा घाट टाळता येतो, पण आमण्यानंतरची भिवंडी-ठाण्याची कोंडी काही टळत नाही. रात्रीचे विमान असले, तरी दुपारीच घर सोडावे.

कागदपत्रांत पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. जुलै 2024 पासून भारतीयांना 60 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश देण्यात आला, परंतु ही सवलत कमी करण्याच्या हालचाली तेथे होत असतात, म्हणून तिकीट काढण्याच्या दिवशी थायलंडच्या वकिलातीच्या संकेतस्थळावरचा चालू नियम वाचावा. 1 मे 2025 पासून प्रत्येक परदेशी प्रवाशाला डिजिटल आगमन पत्र भरावे लागते. ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत सरकारी संकेतस्थळावर भरायचे असून त्याला एक पैसाही लागत नाही. पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले की ते बंद करावे. त्यात मुक्कामाचा पत्ता द्यावा लागतो. पहिल्या दोन रात्रींची खोली आधी घ्या असे म्हणण्याचे हे एक कारण आहे, आणि रात्रभर जागून उतरल्यावर खोली शोधत फिरण्याचे त्राण दोघांपैकी एकातही नसते, हे दुसरे. परतीचे तिकीट व खर्चापुरते पैसे जवळ असल्याचा पुरावा अधिकारी मागू शकतात, तेव्हा त्यांच्या छापील प्रती हाताशी ठेवाव्यात. ई-सिगारेट बॅगेत असेल, तर ती घरीच काढून ठेवावी, कारण तेथे ती बेकायदा आहे.

बेटावर स्कूटर भाड्याने घ्यायची असेल, तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आरटीओतून काढून घ्यावा आणि त्यावर दुचाकीच्या वर्गाचा शिक्का आहे की नाही ते खिडकीवरच पाहावे. हा परवाना एक वर्ष चालतो. तेथेही वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालतात, म्हणून आपल्याला ते सोपे वाटते. पण परवाना नसताना अपघात झाला, तर प्रवास विम्याची कंपनी सहसा हात वर करते आणि दवाखान्याचे बिल आपल्यावर येते. स्कूटर देणारा पासपोर्ट ठेवून जा म्हणाला, तर दुसरे दुकान पाहावे. रोख अनामत घेणारे पुष्कळ असतात. गाडी ताब्यात घेताना तिच्या चारही बाजूंचा व्हिडिओ काढावा आणि जुना ओरखडा दिसला की दुकानदाराला बोट ठेवून दाखवावा. को फांगन आणि को सामुईच्या आतल्या भागातले चढ तीव्र आहेत आणि वळणांवर वाळू साचलेली असते, त्यामुळे गंगापूर रोडवर रोज गाडी चालवतो एवढ्या भांडवलावर तेथे जाऊ नये.

पैशांच्या बाबतीत थोडक्यात सांगायचे, तर एटीएममधून परदेशी कार्डावर पैसे काढताना तेथील बँक प्रत्येक वेळी 220 बाटच्या आसपास किंवा त्याहून अधिक शुल्क घेते, म्हणून थोडे थोडे काढू नयेत. यंत्राने रुपयांत हिशेब करून देऊ का असे विचारले, तर नकार द्यावा. लहान गावांत, बोटीवर आणि रस्त्यावरच्या गाड्यांवर रोखच चालते.

बँकॉकमध्ये सुवर्णभूमी विमानतळावरून शहरात येण्यासाठी एअरपोर्ट रेल लिंक घ्यावी. ती फाया थाई स्थानकावर स्कायट्रेनला मिळते. खोली स्कायट्रेन किंवा मेट्रोच्या स्थानकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर असावी, कारण त्या शहरातली संध्याकाळची वाहतूक पाहिल्यावर द्वारका चौकाबद्दलची आपली तक्रार आपोआप मावळते. राजवाडा, वाट फो आणि वाट अरुण (‘वाट’ म्हणजे बौद्ध मंदिर) हे एका दिवसात होतात : सकाळी दार उघडताच राजवाडा, तेथून चालत वाट फो, मग ता तियनच्या धक्क्यावरून होडीने चाओ फ्राया नदी ओलांडून वाट अरुण. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. राजवाड्याच्या बाहेर कोणी सद्गृहस्थ ‘आज बंद आहे’ असे सांगून स्वस्तात टुकटुकने, म्हणजे तिथल्या रिक्षाने, फिरवायला निघाला, तर हसून पुढे चालावे. ती फेरी हमखास रत्नांच्या किंवा कपड्यांच्या दुकानात संपते. एक दिवस हाताशी असेल, तर सुमारे 80 किलोमीटरवरच्या आयुथयाला साध्या रेल्वेने जावे. 1350 मध्ये वसलेली आणि 1767 मध्ये ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केलेली ही राजधानी सायकल भाड्याने घेऊन सावकाश पाहता येते.

बँकॉकमधली दुसरी संध्याकाळ ही पुढचा रस्ता ठरवण्याची वेळ. लांबच्या बहुतेक गाड्या आता क्रुंग थेप अपिवत या नव्या स्थानकातून सुटतात. चियांग माईची रात्रगाडी साधारण बारा-तेरा तास घेते. दुसऱ्या वर्गाच्या शयनयानात खालची बर्थ वरच्यापेक्षा रुंद आणि थोडी महाग असते आणि अंथरूण डब्यातला कर्मचारीच घालून देतो. दक्षिणेकडे जायचे, तर चुंफोन किंवा सुरत थानीपर्यंत रेल्वे आणि पुढे बस व बोट असे एकत्रित तिकीट मिळते. असे तिकीट थोडे महाग पडले, तरी घ्यावे, कारण गाडीला उशीर झाल्यावर धक्क्यापर्यंतची जोडणी शोधण्याचा ताप वाचतो. को फांगनला जाणाऱ्यांनी पौर्णिमेची तारीख पाहून घ्यावी : हाड रिनच्या किनाऱ्यावरच्या पार्टीसाठी त्या दिवसांत खोल्या भरतात आणि शांतता हवी असणाऱ्यांची पंचाईत होते.

पुढच्या मुक्कामाची खोली ॲपवर एका रात्रीपुरतीच घ्यावी आणि आवडली तर समोरासमोर बोलून वाढवावी. खोली आधी पाहायला मागण्यात संकोच नको. आत गेल्यावर एसी लावून त्याचा आवाज ऐकावा, नळ सोडून पाण्याचा जोर पाहावा, खिडकी उघडून खाली बार आहे का ते पाहावे आणि गादीवर बसून पाहावे. दोन मिनिटांचे काम आहे. दोघांच्या प्रवासात खटके ठिकाणावरून उडत नाहीत, ते भुकेवरून, उन्हावरून आणि ‘तू ठरव’, ‘नाही, तूच ठरव’ यावरून उडतात. यावर आम्हाला सोयीचा वाटलेला उपाय असा की दिवस वाटून घ्यावेत : ज्याचा दिवस त्याने कोठे जायचे ते सांगायचे, आणि दुसऱ्याने त्या दिवशी तक्रार करायची नाही. जागा बदलण्याचा निर्णय मात्र नेहमी सकाळी, पोटात काही गेल्यावर घ्यावा. दर तिसऱ्या दिवशी गाव बदलू नये. सामान भरणे, धक्का, बोट आणि नवी खोली यांत दिवसाचा मोठा भाग निघून जातो.

क्राबीजवळचा रेले हा किनारा चुनखडीच्या कड्यांनी वेढलेला आहे आणि तेथे फक्त होडीनेच पोहोचता येते. क्राबीच्याच आओ नांग किनाऱ्याच्या वाळूवर तिकीट घेऊन पुरेसे प्रवासी जमेपर्यंत थांबायचे, मग गुडघाभर पाण्यातून चालत जाऊन लांब शेपटीच्या होडीच्या शिडीवर चढायचे. चपला हातात, सॅक पाठीवर आणि मोबाइल व पासपोर्ट पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, अशी तयारी हवी. चाकांच्या मोठ्या सुटकेसचा तेथे काही उपयोग नसतो. सॅकमध्ये चार दिवसांचे कपडे पुरतात, कारण किलोच्या भावाने कपडे धुऊन देणारी दुकाने जवळपास प्रत्येक गल्लीत आहेत.

पोहण्याबाबत आपण बेफिकीर असतो, आणि पट्टीचे पोहणारेही याला अपवाद नाहीत. पावसाळ्यात फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर लाल बावटा लावलेला असेल, तर पाय भिजवण्यापलीकडे जाऊ नये. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखालून माणसाला आत ओढणारा प्रवाह असतो. आखातातल्या बेटांवर विषारी बॉक्स जेलीफिश आढळतात, म्हणून काही किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. त्या कोठे आहेत, हे पाण्यात उतरण्याआधी पाहून ठेवावे आणि डंख झाला तर जागा चोळू नये.

शाकाहारी माणसाचे तेथे हाल होतात ही समजूत अर्धीच खरी आहे. भाज्या, टोफू, फळे आणि भात मुबलक असतो; अडचण असते ती फिश सॉसची आणि सुक्या कोळंबीची, जी पपईच्या कोशिंबिरीतही निमूटपणे घातलेली असते. ‘माय साय नाम प्ला’ म्हणजे फिश सॉस नको, एवढे वाक्य पाठ करावे. पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरांत ‘जे’ लिहिलेले दुकान दिसले, तर निःशंक आत जावे, कारण तेथे मांस, मासे, अंडी यांच्यासह कांदा-लसूणही वर्ज्य असतो. घरून मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी नेली, तर तेथल्या गरम भातावर ती उत्तम लागते.

शेवटची रात्र बेटावर काढण्याचा मोह टाळावा. वारा वाढला की बोटी रद्द होतात आणि विमान काही थांबत नाही, म्हणून परतीच्या आदल्या दुपारपर्यंत मुख्य भूमीवर, शक्यतो विमानतळाच्या शहरात, पोहोचलेले असावे. फुकेतहून निघणाऱ्यांनी ती संध्याकाळ जुन्या शहरातल्या रंगीत दुकानवजा घरांच्या रस्त्यांवर घालवावी. बुद्धमूर्ती विकत घ्यायची असेल, तर ती देशाबाहेर नेण्यास तेथील ललित कला विभागाचा परवाना लागतो हे दुकानातच विचारून घ्यावे, आणि पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत न टाकता हातातल्या बॅगेत ठेवावी.