बंडखोर नाटककाराचे पात्र: बेळगाव सीमाभागातील ऐतिहासिक गेमसाठी ते कसे घडवावे

ऐतिहासिक साहसाच्या व्हिडिओ गेममध्ये नाटककार भेटला, तरी खेळाची सूत्रे क्वचितच त्याच्या हाती असतात. २०१८ साली आलेल्या 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' या गेममध्ये अ‍ॅरिस्टोफेनिस आहे. इ.स.पू. ४२४ मध्ये रंगमंचावरून क्लिऑनसारख्या प्रबळ पुढाऱ्याची उघड टवाळी करणारा हा ग्रीक नाटककार. पण गेममध्ये खेळणाऱ्याच्या हाती असते ते भाल्याचे पाते, लेखणी नव्हे. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात घडणारा छोटा गेम एखाद्या हौशी गटाला करायचा असेल, तर हा क्रम उलटावा आणि नाटककारालाच नायक करावे. त्यासाठी त्याला तलवारबाजी शिकवण्याची गरज नाही. त्याचा प्रत्येक पराक्रम एकाच प्रश्नाभोवती रचावा: लिहिलेले वाक्य जप्त होण्याआधी प्रेक्षकांच्या कानापर्यंत कसे पोहोचवायचे?

काळ निवडताना शिवकाळाचा मोह टाळावा, कारण तिकीट लावून होणारे मराठी नाटक तेव्हा नव्हते. माझ्या मते १९०९ चा डिसेंबर ते १९१० चा उन्हाळा हा अवधी सर्वांत सोयीचा आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले होते आणि त्यातल्या कीचकात लोकांना माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसत होता. टिळक १९०८ पासून मंडालेच्या तुरुंगात होते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला नाट्यगृहातच कलेक्टर जॅक्सनचा खून झाला, पाठोपाठ जानेवारी १९१० मध्ये 'कीचकवध'वर बंदी आली आणि फेब्रुवारीत छापखान्यांकडून जामीन मागणारा कायदा झाला. याचा अर्थ असा की, गेमच्या पहिल्या प्रकरणात जे वाक्य हशा मिळवून निभावते, तेच तिसऱ्या प्रकरणात कोठडीत नेऊ शकते. खेळ कठीण करण्यासाठी शत्रूंची संख्या वाढवावी लागत नाही. इतिहासच ते काम करतो.

गेमचे नियम १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्यातून जवळजवळ जसेच्या तसे उचलता येतात. सरकारविरुद्ध अप्रीती पसरवणारा, बदनामीकारक किंवा प्रेक्षकांची नीती बिघडवणारा प्रयोग सरकार बंद करू शकत असे. मनाईहुकूम मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होत. मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटावर पोलीस रात्री-अपरात्रीसुद्धा नाट्यगृहात शिरून माणसांना अटक करू शकत आणि पडदे व पोशाख जप्त करू शकत. गेमची अर्थव्यवस्था नेमकी या शेवटच्या कलमावर उभी करावी. नाटककार तीन महिन्यांनी सुटून येईल, पण रंगवलेले पडदे आणि कपडेपट गेला तर अख्खी नाटक मंडळी रस्त्यावर येते, आणि मंडळीचा मालक नाटककाराला वाक्य गाळण्याची विनंती करतो ती भित्रेपणामुळे नव्हे, तर रोजच्या पंगतीतल्या पानांचा हिशेब त्याला करावा लागतो म्हणून. मालकाला खलनायक करू नये. "पंत, तुमचं वाक्य सोन्याचं आहे हो, पण उद्या दरबाराचा पडदा नेला तर इंद्र काय गोणपाटापुढे बसवू?" असा त्याचा सूर असावा.

याच कायद्यात एक पळवाट आहे आणि सीमाभागासाठी ती फार मोलाची आहे: धार्मिक उत्सवांतील जत्रेचे खेळ आणि तत्सम प्रयोग यांना कायदा लागू नव्हता. सौंदत्तीच्या यल्लम्माची मोठी जत्रा मार्गशीर्ष पौर्णिमेला भरते आणि १९०९ साली ती पौर्णिमा जॅक्सनच्या खुनानंतर आठवड्याच्या आतच आली होती. म्हणून गेमचा मध्यबिंदू सौंदत्तीला ठेवावा. बेळगावात मनाई झालेला खेळ बैलगाड्यांवर लादून डोंगरापर्यंत न्यायचा, तेथे तो देवीच्या सेवेचाच भाग असल्याचे फौजदाराला पटवायचे, आणि कोल्हापूरकडून आलेल्या मराठी भाविकांबरोबर कन्नड भाविकांनाही तो समजेल अशी पदे ऐन वेळी बांधायची, एवढ्यात एक संपूर्ण प्रकरण भरते.

नकाशा काढताना आजची राज्यसीमा विसरावी. त्या काळी बेळगाव मुंबई इलाख्यात होते, पण शहराला लागून असलेले शहापूर सांगली संस्थानाचे होते. इंग्रजी हद्दीत मनाई झालेला नाटककार थोडे अंतर चालून संस्थानी हद्दीत उभा राहू शकत असे, आणि फौजदाराच्या हातातले वॉरंट तेथे थेट चालत नसे. अशी सरहद्द कोणत्याही कल्पित गुप्त भुयारापेक्षा उत्तम खेळ देते. मात्र शहापूरला कायमचे सुरक्षित ठिकाण बनवू नये. दक्षिणेकडील संस्थानांवर इंग्रज एजंटाचा दाब असे, त्यामुळे प्रत्येक प्रयोगागणिक तिथला आश्रय थोडा पातळ होत जावा. दूरच्या पलायनासाठी पश्चिमेला सावंतवाडी संस्थान आणि घाट उतरून पोर्तुगीज गोवा आहे. मिरजेहून बेळगावमार्गे लोंढ्याकडे जाणारी रेल्वे तोवर सुरू झालेली होती, तेव्हा स्टेशनावर सामानाची झडती दाखवता येते. सौंदत्तीच्या वाटेवर मात्र बैलगाडीच हवी.

आता नाटकातले नाटक. 'कीचकवध'ची नक्कल न करता वेगळे पौराणिक कथानक घ्यावे. मी बकासुराची कथा सुचवीन: एकचक्रा नगरीतल्या प्रत्येक घराने पाळीपाळीने गाडाभर अन्न, गाडा ओढणारी जनावरे आणि एक माणूस राक्षसाकडे पाठवायचा. शेतसाऱ्याने गांजलेल्या गावाला यात कशाचे प्रतिबिंब आहे हे समजावून सांगावे लागत नाही. प्रत्येक महत्त्वाच्या वाक्याची तीन रूपे तयार ठेवावीत. पहिले, अधिकाऱ्यांना दाखवण्याच्या लेखी प्रतीतले, दुसरे, तालमीतले, तिसरे, प्रत्यक्ष प्रयोगात नटाच्या तोंडून निघणारे. लेखी प्रतीत नगरवासी 'नैवेद्य' पाठवतात, तालमीत 'वाटा' पाठवतात आणि प्रयोगात एखादा धीट नट 'सारा' म्हणून जातो. कोणत्या नटाला कोणते रूप पाठ करू द्यायचे, हे खेळणाऱ्याने ठरवावे. ते ठरवताना पिटातल्या प्रेक्षकांचा उत्साह आणि पहिल्या रांगेतल्या फौजदाराचा संशय अशी दोन मापे डोळ्यांपुढे राहावीत. उत्साहाबरोबर संशयही वाढतो. पण हशा मोठा असेल तर पुढचे वाक्य त्यात बुडून जाते आणि फौजदाराला नीट ऐकू येत नाही. या एका युक्तीमुळे विदूषकाचे पात्र मंडळीतले सर्वांत उपयोगी माणूस ठरते.

नाटककाराचा स्वभाव घडवताना त्याला सदैव बरोबर ठरवू नये. तो अहंकारी असावा, नटांच्या पोटापेक्षा आपल्या यमकाची त्याला अधिक काळजी असावी, आणि एखाद्या पोरसवद्या नटाला त्याच्या वाक्यापायी अटक झाली की खेळणाऱ्याला ते टोचावे. त्याला दोन्ही भाषा यायला हव्यात. संगीत नाटकाला घडवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या कन्नड मुलखातल्या गावी जन्मले. विष्णुदास भाव्यांनी त्याच साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, तेही कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ डोळ्यांपुढे ठेवून. या भागातला नाटककार मराठीत लिहील, पण गाडीवानाशी कन्नडमध्ये घासाघीस करील. आजचे सीमावादाचे भांडण १९१० च्या पात्रांच्या तोंडी घालणे हा कालविपर्यास होईल आणि निम्मा खेळणारा वर्गही दुरावेल.

तांत्रिक बाजू थोडक्यात. गेम बनवण्याच्या गोडो इंजिनाच्या चौथ्या आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरे आणि कन्नड ओत्तक्षरे (अक्षराखाली जोडली जाणारी व्यंजने) नीट उमटतात, आणि ते फुकट आहे. फाटे फुटणारे संवाद इंक या मुक्त संवादलेखन-साधनात लिहावेत. वाक्याचे कोणते रूप कोणाकडे आहे याची नोंद त्यात सहज ठेवता येते. अक्षरांसाठी नोटो सेरिफचे देवनागरी आणि कन्नड संच एकमेकांशेजारी शोभतात. ध्वनीमध्ये पायपेटी आणि तबला पुरेत. युद्धाचे ढोल वाजवले तर प्रयोगातला ताण हरवतो.

शेवटाची रचना सर्वांत आधी करावी. बंदी टळते असा शेवट ठेवू नये, कारण त्या वर्षी ती टळली नव्हती. त्याऐवजी मनाईहुकूम आल्यानंतर खेळणाऱ्यापुढे तीन वस्तू ठेवाव्यात: पडदे, पोशाख आणि संहितेची एकुलती एक वही. यांपैकी एकच वस्तू शहापूरच्या हद्दीत पोहोचवता येईल. वही सोडून पडदे वाचवले असतील, तर नाटक नटांना जेवढे पाठ आहे तेवढेच उरते, आणि त्यांनी नेमके कोणते रूप पाठ केले होते याची नोंद इंकमध्ये पहिल्या प्रकरणापासून झालेली असते.