किरायानं खोल्या देता? या चुका टाळा

मे महिन्याच्या सुरुवातीला नीटचा पेपर होतो आणि लातूरच्या क्लासेसवाल्या गल्ल्यांत भांडणाचा हंगाम सुरू होतो. पोरं गाद्या बांधून उभी, टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय आणि मालक भिंतीकडं बोट दाखवून विचारतोय, "हे भोक कुणी पाडलं?" खोली देताना सगळ्यांना भीड पडते, परत घेताना सगळ्यांना तोंड फुटतं. नांदेडात, परभणीत, अंबाजोगाईत हाच प्रकार. दोन-चार खोल्या किरायानं देणाऱ्यांनी निदान खालच्या चुका तरी करू नयेत.

"बॉण्ड केलाय की!"

अकरा महिन्यांचा बॉण्ड केला, नोटरीचा शिक्का मारला की काम झालं, हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, म्हणून अकरा महिन्यांची पळवाट निघाली. महाराष्ट्रात ती चालत नाही. आपल्याकडं भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणं मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच पाहिजे, आणि नोंदणी करून घेणं मालकाचं काम. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खरी मेख पुढं आहे. नोंदणीकृत करार नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल किरायदार म्हणेल ते ग्राह्य धरतात. तसं नव्हतं हे तुम्ही सिद्ध करायचं.

आमच्या कॉलनीतल्या एका निवृत्त गुरुजींनी वरचा मजला एका कुटुंबाला दिला. बॉण्ड, नोटरी, डिपॉझिट रोख. अकरा महिने संपले तेव्हा, "करू की नवा, निवांत," असं दोन्हीकडून झालं. पुढं गुरुजींनी किराया हजारानं वाढवायचं काढलं. किरायदार शांतपणे म्हणाला, "गुरुजी, तीन वर्षं वाढवणार नाही असं तुम्हीच बोलला होतात. आणि डिपॉझिट वीस नाही, चाळीस दिलंय." गुरुजींकडं ना पावती, ना चालू करार. संतापाच्या भरात त्यांनी गच्चीवर जाऊन वरच्या मजल्याच्या पाण्याचा वॉल बंद केला. झालं! आता तक्रार करायची पाळी किरायदाराची, कारण पाणी-वीज अशा अत्यावश्यक सोयी तोडायला त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ची मनाई आहे, किराया थकला असला तरी. संध्याकाळी पोलीस दारात. शेवटी दोन महिन्यांचा किराया सोडून आणि अंगावर आलेलं डिपॉझिट देऊन त्यांनी मजला मोकळा करून घेतला. चाळीस नाही, तीसवर तोडलं, एवढंच समाधान.

हे सगळं वाचवायला खर्च किती? महिना आठ हजार किराया आणि पंचवीस हजार डिपॉझिट धरलं, तर अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदत राहू देण्याच्या करारावर, पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. घरबसल्या ऑनलाइन होतं. शिवाय मुदत संपूनही राहत्या जागेचा ताबा सोडला नाही, तर कलम २४ प्रमाणं दुप्पट दरानं भरपाई मागता येते. एवढं असून लोक झेरॉक्सच्या दुकानातला तयार मसुदा आणतात आणि त्यात नाव तेवढं बदलतात. मागच्या किरायदाराचा खोली नंबर तसाच राहिलेला करार मी पाहिलाय.

पोराची सही

अकरावीला आलेलं पोर पंधरा-सोळा वर्षांचं असतं. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणं अज्ञानाशी, म्हणजे अठरा वर्षांखालच्याशी, केलेला करार टिकत नाही. तरी मालक त्याचीच सही घेतात, कारण वडील गावाकडं आणि "पोरगं चांगलं वाटलं". करार वडिलांशी किंवा आईशी करा, राहणार कोण ते त्यात लिहा. पालक सहीला येत नसतील, तर मी खोली देत नाही. रिकामी राहिली तरी चालेल.

खोली देताना काहीच न बघणं

डिपॉझिटची निम्मी भांडणं इथं उगवतात. खोली कशी दिली होती याचा पुरावाच नसतो. माझी सवय अशी: चावी देण्याआधी किरायदाराला सोबत घेऊन फिरायचं आणि व्हिडिओ त्याच्या मोबाइलवर काढायला लावायचा. मग तो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा. तारीख आपोआप पडते आणि "तुम्ही नंतर काढलाय" म्हणायची सोय उरत नाही. बेसिनखालचा पाइप, संडासाची फ्लश, खिडकीची जाळी, पंख्याचा रेग्युलेटर, मीटरचं रीडिंग, सगळं बोलत बोलत दाखवायचं. नव्या मालकांना याचा कंटाळा येतो. त्यांना त्याच दिवशी डिपॉझिट मोजायचं असतं.

आपल्या भागात खिडकीखालची भिंत मुद्दाम बघावी. कूलर तिथंच बसतो. पाण्याची नळी गळते, पॅड थेंब थेंब टिपकतं आणि जून उजाडेस्तोवर खिडकीखाली हातभर पट्टा फुगलेला असतो. हात फिरवला की प्लास्टर भुसभुशीत लागतं, रंगाचे पोपडे बोटाला येतात. हे नुकसान किरायदाराचं, बिनधास्त कापा. पण कूलर स्टँडवर ठेवायचा आणि खाली ट्रे पाहिजे, हे करारात लिहिलेलं असावं.

मालकाचं दुखणं किरायदाराच्या माथी

आता मालकांना आवडणार नाही असं बोलतो. भिंतीतली प्रत्येक भेग किरायदारानं पाडलेली नसते. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर चौकटीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, पावसाळ्यात बुजल्यासारखी दिसते आणि एप्रिलमध्ये पुन्हा उघडते. तिचे पैसे पोराच्या डिपॉझिटमधून कापणारे महाभाग आहेत. बोअरच्या क्षारानं गीझरची कॉइल गेली, नळाला पांढरा थर चढला, हेही तसंच. वापरानं होणारी साधी झीज मालकानं सोसायची असते. तीन वर्षं राहून गेलेल्या माणसाकडून रंगाचे पैसे मागणं मला तर लाजिरवाणं वाटतं. फुटलेलं बेसिन, तोडलेलं कुलूप, जळका ओटा, याचे मागा, आणि मिस्त्रीचं बिल दाखवून मागा. "अंदाजे पाच हजार" हे बिल नाही.

डिपॉझिट पेरणीत घालणं

जूनमध्ये डिपॉझिट हातात येतं आणि त्याच महिन्यात सोयाबीनचं बियाणं, खत घ्यायचं असतं. मे महिन्यात पोर परत मागतं तेव्हा मालाचे पैसे कधीच संपलेले असतात. मग मालक भिंतीत भोकं शोधायला लागतो. ती रक्कम बँकेत वेगळी ठेवा. घेताना खात्यावर घ्या, देताना खात्यावर द्या.

बाकीचं थोडक्यात. "शेवटच्या दोन महिन्यांचा किराया डिपॉझिटमधून वळता करा" याला पहिल्या दिवशीच नाही म्हणा, नाहीतर नुकसान कापायला हातात काही उरत नाही. किरायदाराची माहिती पोलिसांकडं ऑनलाइन भरा; ओळखीचा आहे म्हणून टाळू नका. एका खोलीत किती जण राहणार ते लिहा, नाहीतर दोघांची खोली परीक्षेच्या महिन्यात पाच जणांची होते. चाव्या मोजून द्या, मोजून घ्या. आणि महावितरणचं शेवटचं बिल माणूस गेल्यावर येतं, तेव्हा सोडायच्या दिवशी मीटरचा फोटो काढून युनिटचा हिशेब त्याच्यासमोर करा आणि राहिलेली रक्कम तो टेम्पोत बसायच्या आत पाठवा.