पावसाळ्यात फ्लेव्होन: बेकर–वेंकटरामन अभिक्रियेच्या तीन पायऱ्या

मुंबईत एम.एस्सी.ला ऑरगॅनिक घेतलेल्याने एकदा तरी स्वतः करावी अशी ही अभिक्रिया: आधी हायड्रॉक्सीॲसिटोफिनोनचं एस्टर, मग एस्टरचं डायकीटोन, शेवटी डायकीटोनचं फ्लेव्होन (वनस्पतींतल्या पिवळ्या रंगद्रव्यांचा मूळ सांगाडा). विल्सन बेकर यांनी इंग्लंडमध्ये आणि महाल व वेंकटरामन यांनी लाहोरला ती १९३३-३४च्या सुमारास स्वतंत्रपणे मांडली. के. वेंकटरामन त्यानंतर लगेच मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात (यूडीसीटी), म्हणजे आजच्या माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) आले. १९३८ मध्ये ते तिथले पहिले भारतीय संचालक झाले आणि १९५७ मध्ये पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) गेले. त्यांच्या नावाची अभिक्रिया मुंबईच्या हवेत करताना एकच शत्रू सांभाळायचा असतो: पाणी. दुसरी पायरी फसली की पोटॅशला (पोटॅशियम हायड्रॉक्साइडला) दोष दिला जातो. खरी चूक बहुधा पहिल्या पायरीच्या वाळवणीत असते.

पहिली पायरी एस्टरची. कोरड्या कोनिकल फ्लास्कमध्ये १.३६ ग्रॅम ऑर्थो-हायड्रॉक्सीॲसिटोफिनोन आणि २ मिली कोरडं पिरिडीन घ्या. पिरिडीन आदल्या दिवशीच पोटॅशच्या गोळ्यांवर ठेवून द्या. फ्यूम हूडमध्ये १.७५ मिली बेंझॉइल क्लोराइड थेंबथेंब सोडा (डोळ्यांतून पाणी काढतं, सिरिंज बाहेर आणू नका) आणि तोंडाला कॅल्शियम क्लोराइडची गार्ड ट्यूब लावा. मिश्रण आपोआप तापतं. मोठ्या प्रमाणात पंधरा मिनिटं पुरतात. इतक्या कमी मालाला अर्धा तास द्या. मग २० ग्रॅम फोडलेला बर्फ घातलेल्या ६० मिली ३ टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये जोरात ढवळत हळूहळू ओता. एकदम ओतलं तर चिकट गोळा होतो आणि त्यात पिरिडीन अडकून बसतं. तसं झालंच तर काचकांडीने बीकरची भिंत घासत राहा, घट्ट होतो.

गाळल्यावर २ मिली बर्फगार मिथेनॉलने आणि मग तेवढ्याच पाण्याने धुवा. मिथेनॉल टाळू नका. बेंझॉइल क्लोराइड दीडपट घेतलेलं असतं. उरलेल्याचं बेंझोइक ॲसिड होतं आणि ते पुढे पोटॅश खातं. नंतर सुमारे २.५ मिली मिथेनॉलमधून पुनर्स्फटिकीकरण करा. १.९ ते २ ग्रॅम मिळायला हवं, मेल्टिंग पॉइंट ८७–८८ अंश.

आता वाळवण. पुस्तकात ‘खोलीच्या तापमानाला वाळवा’ असतं, पण जुलैत वॉचग्लासवर ठेवलेला माल दुसऱ्या दिवशीही ओलाच असतो. ११० अंशांच्या ओव्हनमध्ये टाकलात तर तो वितळून वॉचग्लासला चिकटेल. रात्रभर व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये ठेवा. आतली सिलिका निळी आहे ना, ते आधी पाहा. गुलाबी झालेली सिलिका असली काय नि नसली काय, सारखंच.

दुसऱ्या पायरीत गणित तंग आहे. २ ग्रॅम एस्टर म्हणजे ८.३ मिलिमोल. त्याला ०.७ ग्रॅम पोटॅश, जे मुळातच ८५ टक्के असतं. म्हणजे साधारण १०.६ मिलिमोल. ओल्या एस्टरमुळे किंवा उघड्यावर राहिलेल्या पोटॅशमुळे आलेलं पाणी एस्टरचं जलविघटन करतं आणि तुम्ही जिथून निघालात त्या हायड्रॉक्सीॲसिटोफिनोनपाशी परत येता. म्हणून खल-बत्ता ओव्हनमध्ये १०० अंशांना तापवा, गरम असतानाच गोळ्या पटकन कुटा आणि लगेच वापरा. गॉगल हवाच, पोटॅशची पूड डोळ्यात जाणं फार वाईट.

एस्टर ७.५ मिली पिरिडीनमध्ये ५० अंशांना विरघळवा, पूड घाला, पंधरा मिनिटं ढवळा. पिवळं पोटॅशियम मीठ इतकं घट्ट होतं की छोटा मॅग्नेटिक बार अडकतो; काचकांडीच बरी. हे पिवळं दाटणं दिसलं नाही तर पुढे जाऊ नका. थंड झाल्यावर १० टक्के ॲसेटिक ॲसिड १० मिली घाला. फिकट पिवळं डायकीटोन १.६ ते १.७ ग्रॅम मिळतं, ११७–१२० अंशांना वितळतं.

तिसरी पायरी सोपी आहे. १.६६ ग्रॅम डायकीटोन, ९ मिली ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड, हलवत हलवत ०.३५ मिली तीव्र सल्फ्युरिक ॲसिड. कंडेन्सर लावून उकळत्या वॉटर बाथवर एक तास, मग ५० ग्रॅम बर्फावर. गाळलेला माल धुताना कंजुषी नको: पाणी ३५० मिलीपर्यंत लागतं, निळा लिटमस लाल होईनासा होईपर्यंत. ॲसिड राहिलं की वाळताना माल काळवंडतो. ५० अंशांना वाळवा, जास्त नाही. फ्लेव्होन ९५–९७ अंशांना वितळतं. उत्तम हाताला १.४५ ग्रॅमच्या आसपास, पहिल्यांदा करणाऱ्याला थोडं कमी.

खात्री करताना मेल्टिंग पॉइंटवर एकट्यावर विसंबू नका. एस्टर आणि फ्लेव्होन यांच्यात जेमतेम आठ-नऊ अंशांचा फरक आहे, आणि अशुद्ध फ्लेव्होन थेट एस्टरच्या आकड्यात येऊन बसतं. फेरिक क्लोराइड चांगलं: हायड्रॉक्सीॲसिटोफिनोन आणि डायकीटोन गडद रंग देतात, एस्टर आणि फ्लेव्होन देत नाहीत. शेवटच्या मालाने रंग दिला तर तो पुन्हा ॲसिडमध्ये अर्धा तास तापवा. टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) २० टक्के इथाइल ॲसिटेट-हेक्झेनमध्ये फ्लेव्होनचा ठिपका सर्वांत खाली असतो.

एनएमआर (रेणूतले हायड्रोजन दाखवणारं यंत्र) वापरायला नंबर लागला तर ६.८ पीपीएमच्या सिंगलेटवर (एकेरी शिखरावर) हुरळून जाऊ नका, तो डायकीटोनच्या ईनॉल रूपातही तिथेच येतो. डायकीटोनच्या दोन ओएच गटांचे १५.५ आणि १२.१च्या आसपासचे सिंगलेट गेलेत का, ते बघा.

पिरिडीन असलेलं गाळण सिंकमध्ये ओतू नका, वेस्टच्या बाटलीत जाऊ द्या. नाहीतर मजलाभर वास राहतो आणि तो कुणाच्या बेंचवरून आला हे सगळ्यांना कळतं.