शेतावरचा वसंत बघायचा तर सकाळीच

माघ सरत आला की नाशिककडे सगळ्यांचं लक्ष द्राक्षाच्या घडांवर असतं आणि बांधावरचा वसंत तसाच निघून जातो. एक करा: सकाळी सातच्या सुमारास चहा घेऊन काटेसावरीखाली जाऊन बसा. तेव्हा तिच्यावर पान नसतं, नुसती लालभडक फुलं. त्यातल्या मधासाठी साळुंक्या, बुलबुल, कोतवाल यांची झुंबड उडते. ऊन चढलं की ही गडबड ओसरते. खाली पडलेलं फूल हातात घेऊन बघा, केवढं जड आणि मांसल असतं! पळस अजून कळ्यांत असेल तर आठवड्याने पुन्हा चक्कर मारा. आणि आंब्याच्या फुललेल्या मोहोरावर कीटकनाशक फवारू नका. परागीभवन माश्या-मधमाश्याच करतात. बांध साफ करताना पळसही राहू द्या, कृपा करून.